शिक्का मारलेला कोरा कागद

१२ डिसेंबर २००४, रविवार

प्रयोगशाळेच्या जुन्या वहीत पंचवीस-तीस कोरी पानं उरली आहेत, त्यात हे लिहितेय. नवी डायरी विकत घ्यावी इतकं माझ्या आयुष्यात काही घडत नाही.

काल पुण्याला गाईडसरांकडे जाऊन आले. पीएच.डी.ची मुदत एकदा वाढवून झाली आहे. आता ३१ मार्चच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. सहा वर्षं मी वेल्हे तालुक्यातल्या वाड्यावस्त्या पालथ्या घालून भाताचे चाळीस जुने वाण गोळा केले. काळभात, रायभोग, तामसाळ, जिरेसाळ. दाण्याची लांबी, कुसळ, लोंबीची उंची, सगळं मोजलं. कुठला वाण कुठल्याच्या जवळचा, याचं गणित कॅल्क्युलेटरवर करून नेलं होतं. सरांनी चार पानं उलटली आणि म्हणाले, "मायाताई, परीक्षक हे आता बघणारसुद्धा नाहीत."

बेल्जियममधल्या एका विद्यापीठाने म्हणे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम केला आहे. आकडे भरले की तो वाणांचा वंशवृक्ष काढून देतो, कोण कुणाचं सख्खं आणि कोण चुलत. संशोधन करणाऱ्यांना फुकट आहे, फक्त आधी नोंदणी करावी लागते आणि तिचा क्रमांक प्रबंधात छापावा लागतो. पुण्यात चोरून केलेल्या सीड्या मिळतात, पण क्रमांकाशिवाय सर सही करणार नाहीत.

इथपर्यंत ठीक होतं. मग ते म्हणाले, "नुजहतला विचारा ना. तिला त्यातलं छान कळतं."

नुजहत आतार दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात लागली. वय सव्वीस. वनस्पतिशास्त्राला आम्ही दोघीच, मला अकरा वर्षं झाली. सरांकडे सहा वर्षं मी खेटे घालतेय, ती त्यांना एका चर्चासत्रात भेटली. एकदा. आणि तिला छान कळतं.

कात्रजचा बोगदा गेला, शिवरे गेलं, भोर आलं, तरी मी तेच वाक्य चघळत होते. लिहूनच टाकते. मला तिचा हेवा वाटतो. ही वही कुणी वाचणार नाही, मग इथे तरी खोटं कशाला लिहू?

१४ डिसेंबर, मंगळवार

सरांनी तिला फोन केला असणार. आज मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, तो फॉर्म मी भरून देऊ का? उस्मानभाईंच्या कॅफेत दहा मिनिटांत होईल." उस्मान हा तिचा मोठा भाऊ, स्टँडसमोर त्याचं इंटरनेट कॅफे आहे.

दहा मिनिटांत. माझी सहा वर्षं आणि हिची दहा मिनिटं.

मी म्हटलं, "माझ्या कामाला हात लावू नकोस. मला जेव्हा गरज लागेल तेव्हा मी सांगेन."

आवाज जरा चढला. सगळे आपापल्या डब्यात बघायला लागले. तिने रोजच्यासारखं डब्याच्या झाकणात शेवया काढून माझ्यासमोर ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. घंटा झाल्यावर तिने झाकण उचलून नेलं. शेवया चांगल्या असतात तिच्याकडच्या, ते काही मी नाकारत नाही.

२१ डिसेंबर, मंगळवार

उस्मानच्या कॅफेत पाय ठेवायचा नाही असं ठरवल्यामुळे कामथडीला गेले. हायवेला आमच्या ह्यांच्या पुतण्याचं, धम्मदीपचं, फोन, फॅक्स आणि इंटरनेटचं दुकान आहे. अर्ध्या तासाच्या कामासाठी एसटीने जाऊन-येऊन तीन तास. हे वेल्ह्याच्या शाळेतून माझ्या आधी घरी आले होते. म्हणाले, "स्टँड पाच मिनिटांवर आहे आपल्या."

फॉर्म इंग्रजीत, लांबलचक. प्रोग्रॅम विकणार नाही, कुणाला नक्कल देणार नाही, धंद्याला वापरणार नाही, असं सगळं कबूल करायचं. पहिल्याच चौकटीत धम्मदीप अडला. "काकू, नाव कुठलं टाकू?"

प्रश्न रास्त होता. कॉलेजच्या मस्टरवर मी माया सोपान रणपिसे. विद्यापीठात मात्र अजून माया चिमाजी गायकवाड, कारण पदव्या लग्नाआधीच्या, आणि नाव बदलायला गॅझेट करावं लागतं ते तेरा वर्षं राहून गेलंय. बाबा गेले तेव्हापासून त्या नावाने मला कुणी ओळखत नाही, फक्त विद्यापीठाची पाकिटं येतात. मी म्हटलं, "मस्टरवरचं टाक. कॉलेजकडून अर्ज आहे."

शेवटी बटण दाबलं तर फॉर्म परत आला. साधा फुकटचा ई-मेल पत्ता चालत नाही, संस्थेचा लागतो. आमच्या संस्थेला पाण्याचं कनेक्शन नीट नाही, ई-मेल कुठला? खाली सोय दिली होती. ज्यांच्याकडे असा पत्ता नाही त्यांनी संस्थेच्या छापील कागदावर प्रमुखांच्या सही-शिक्क्यानिशी अर्ज फॅक्स करावा, उत्तर कुठल्याही पत्त्यावर पाठवू.

सही-शिक्का म्हटल्यावर मला धीर आला. त्यात आम्ही कुणाला हार जात नाही.

३ जानेवारी २००५, सोमवार

हेडक्लार्क रखमाजी भाऊसाहेबांनी अर्ज तीन वेळा वाचला. "फुकट हाय म्हणता, मग सही कशाला मागत्यात?"

"तसा त्यांचा नियम आहे."

"म्हंजी फुकट न्हाई. आज फुकट देतील, उद्या कॉलेजवर बिल येईल. तवा तुमी बदलून गेलेल्या असाल आन् मी हितंच."

प्राचार्यांनाही तीच शंका. तासभर उभी होते. शेवटी बेल्जियम हे नाव ऐकून त्यांना बरं वाटलं असावं, सही केली. भाऊसाहेब शिक्का मारताना म्हणाले, "चुकलं-माकलं तर परत येऊ नका, ह्यो घ्या जादाचा." आणि सही-शिक्क्याचा आणखी एक कागद दिला, कोरा. आमच्याकडे ही पद्धतच आहे. भाऊसाहेब प्राचार्यांच्या दहा सह्या आधीच घेऊन ठेवतात, म्हणजे साहेब बाहेरगावी असले तरी कुणाचं अडत नाही.

संध्याकाळी कामथडीहून फॅक्स गेला. यंत्राने कागद एका बाजूने गिळून दुसऱ्या बाजूने जसाच्या तसा परत दिला. धम्मदीप म्हणाला, "पोचला काकू." मला अजून पटत नाही.

९ जानेवारी, रविवार

पासलीला गेले होते. नुजहतला न्यायचं माझ्या मनात नव्हतं, पण चौदा मुलांची सहल आणि दोन शिक्षक हवेत हा नियम.

पासलीच्या कमळाबाईंकडे मी सहा वर्षं जातेय. त्यांच्याकडे एक तांबडा भात आहे, लग्नात ओटीतून माहेराहून आणलेला. त्याला दुसरं नाव नाही, त्या 'माहेरचा' म्हणतात. तो माझा एकेचाळिसावा वाण झाला असता. दर वर्षी मी मागते, दर वर्षी बी संपलेलं असतं.

आज मी वही काढून अंगणात बसले. नुजहत चप्पल काढून सरळ आत गेली. "मावशी, पाणी द्या ना, घसा सुकला." मग आतून हसण्याचा आवाज, मग सुपाचा आवाज. मी गावात कुणाच्या घरी आपणहून पाणी मागत नाही. कुणी दिलं तर घेते. आईने लहानपणीच ते अंगात भिनवलंय. कुठल्या घरी चालेल आणि कुठल्या घरी तोंडं वाकडी होतील, हे तिला पाठ होतं, आणि मला विषाची परीक्षा नको वाटते. बाटली असते माझ्या पिशवीत.

अर्ध्या तासाने नुजहत बाहेर आली तेव्हा तिच्या ओढणीच्या टोकाला गाठ होती. तांबडा भात. ओंजळभर.

"मॅडम, हे बघा," म्हणाली. अगदी मनापासून हसत होती. मी म्हटलं, "ठेव तुझ्याकडे. तुला दिलंय."

परतताना एसटीत ती पुढच्या सीटवर मुलांबरोबर गाणी म्हणत होती. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि बाहेर काही दिसत नव्हतं. सहा वर्षं मी मागितलं आणि तिने मागितलंसुद्धा नाही.

२६ जानेवारी, बुधवार

झेंडावंदन झाल्यावर मैदानात गाठलं मला तिने. "मॅडम, एक सांगायचं होतं. ते तुमच्या…"

मी म्हटलं, "नंतर." ह्या आठवड्यातली ही दुसरी खेप. परवा ग्रंथालयातही असंच करत होती. मला माहीत आहे ती काय सांगणार. तांबड्या भातावर काहीतरी काम सुरू केलं असेल आणि माझा आशीर्वाद हवा असेल.

ती जिलेबी आणायला गेली तेव्हा तिची पिशवी खुर्चीवर उघडी होती. मी डोकावले नाही, पण दिसलं. वरच्याच कागदावर बेल्जियमवाल्यांच्या फॉर्मच्या डोक्यावर असतं ते गोल चिन्ह.

म्हणजे माझा संशय खरा. एका विभागाला एकच नोंदणी, फॉर्मवर ठळक अक्षरांत लिहिलंय. जिची आधी, ती तिची.

जिलेबी खाल्ली नाही. ह्यांनी विचारलं, "तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, "बरी आहे, तेच तर."

४ फेब्रुवारी, शुक्रवार

धम्मदीपचा फोन आला, उत्तर आलंय. दुपारचं प्रॅक्टिकल बुडवून कामथडी गाठली. तिकडच्या कुणा बाईंनी फार सभ्य भाषेत लिहिलंय. 'तुमचा अर्ज मिळाला. परंतु तुमच्याच विभागाचा एक अर्ज पुण्याच्या विद्यापीठामार्फत, तिथल्या मार्गदर्शकांच्या सहीने आधीच आला आहे व मंजुरीच्या टप्प्यावर आहे. एका विभागाला एकच नोंदणी मिळते. कृपया आपसात बोलून घ्यावे.'

पुण्याच्या मार्गदर्शकांच्या सहीने. माझ्याच सरांच्या. विभागात माणसं दोन, त्यातली एक मी. मग दुसरा अर्ज कुणाचा, हे काही मला बेल्जियमने सांगायला नको.

म्हणे आपसात बोलून घ्यावे.

रात्री जेवण गेलं नाही. सहा वर्षं लोकांच्या बांधांवर उन्हात कोण उभं राहिलं? मी. ती आत जाऊन पाणी पिऊन आली, आणि भात तिचा, सर तिचे, नोंदणी तिची. माझ्या हातात चाळीस वाणांच्या वह्या. त्यासुद्धा विभागाच्या कपाटात असतात आणि कपाटाची दुसरी किल्ली तिच्याकडे आहे.

५ फेब्रुवारी, शनिवार

भाऊसाहेबांनी दिलेला शिक्क्याचा कोरा कागद पिशवीत घालून कामथडीला गेले. मी सांगत गेले, धम्मदीप इंग्रजी करत गेला.

'आमच्या विभागातून आपल्याकडे आधी आलेला अर्ज प्राचार्यांच्या परवानगीशिवाय, अधिकार नसताना केलेला आहे. तो नुजहत आतार या कनिष्ठ सहकारी बाईंनी केला असून त्यांचे स्वतःचे काही संशोधन नाही. दुसऱ्याने कष्टाने जमवलेली माहिती त्या वापरू पाहतात. तो रद्द करून माझा मंजूर करावा.'

धम्मदीपचे हात थांबले. "काकू, एकदा त्या बाईंना विचारून तर बघा."

"तू टाईप कर."

"त्या बाई चांगल्या आहेत ओ. मागं शिक्षकांच्या ट्रेनिंगला काकांना त्यांनीच कॉम्प्युटर शिकवला न्हाई का?"

हे मला माहीत नव्हतं. आमच्या ह्यांनी घरी सांगितलं नव्हतं. म्हणजे घरातसुद्धा ती आहे. मी म्हटलं, "टाईप कर आणि त्याच कागदावर छाप."

प्राचार्यांची सही आधीच होती, शिक्काही होता. मी फक्त मधली जागा भरली.

१२ फेब्रुवारी, शनिवार

आठवडा चांगला गेला. झोप लागते. नुजहतशीही नीट बोलले, तिच्या झाकणातली भाजी खाल्ली, 'मसाला कुठला गं' असंही विचारलं. ती इतकी खूश झाली की मला जरा कसंसंच झालं. पण जरासंच.

२१ फेब्रुवारी, सोमवार

लिहायचं नव्हतं. पण न लिहिता बसवत नाही.

कामथडीला गेले. धम्मदीपने पत्र काढून हातात दिलं आणि विचारलं, "काकू, ह्या गायकवाड कोण?"

'तुमच्या संस्थेचे सही-शिक्क्याचे पत्र मिळाले. त्यानुसार आधीचा अर्ज रद्द केला आहे. रद्द अर्जातील संशोधकाचे नाव: माया चिमाजी गायकवाड. विषय: वेल्हे तालुक्यातील भाताचे चाळीस पारंपरिक वाण. वाद मिटेपर्यंत तुमच्या संस्थेचा कोणताही अर्ज पुढे जाणार नाही. नुजहत आतार या नावाचा अर्ज आमच्याकडे आलेला नाही.'

मी ते तीनदा वाचलं. बाबांचं नाव परक्या अक्षरांत, स्पेलिंगसुद्धा बरोबर.

धम्मदीपला म्हटलं, "मीच." त्याने चहा मागवला. बाहेर साताऱ्याकडचे ट्रक चालले होते. चहा तसाच ठेवून मी निघाले.

सरांकडे माझं नाव गायकवाडच आहे. विद्यापीठात तेच आहे. तिने तेच टाकलं. तिकडच्या लोकांना आम्ही दोन वेगळ्या बायका वाटलो, आणि त्यातल्या एकीने दुसरीला बुडवलं.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नुजहत प्रयोगशाळेत आली, चेहरा उतरलेला. दार लोटून घेतलं.

"मॅडम, मला माफ करा. तुम्ही हात लावू नकोस म्हणाला होतात, तरी मी सरांकडून तुमच्या नावानं अर्ज पाठवला. आपल्याकडं ई-मेल नाही ना, म्हणून त्यांच्या पत्त्यावरनं. सर म्हणाले, मंजूर झाला की मग सांग, आधी सांगितलंस तर चिडतील. मी तरी दोनदा सांगायला आले होते." मग थांबली. "खोटं नाही बोलणार. मला पण तो प्रोग्रॅम शिकायचा होता. तुमचे आकडे भरते म्हटलं, म्हणजे शिकून होईल. सर म्हणाले, पेपरात तुझं नाव दुसरं टाकायला सांगतो."

"बरं," मी म्हटलं.

"आता तो रद्द झालाय, मॅडम. कॉलेजातनंच कुणीतरी तक्रार केलीय, शिक्क्यानिशी. कुणी केली असेल?"

ती माझ्याकडे बघत होती. संशयाने नाही. माझ्यासाठी तिला राग आला होता.

मी म्हटलं, "कोण जाणे."

हे दोन शब्द मी लिहून ठेवतेय, म्हणजे पुढे कधी मला मी फार चांगली बाई आहे असं वाटायला लागलं तर हे पान उघडता येईल.

२७ फेब्रुवारी, रविवार

एकटीच पासलीला गेले. घरात थांबवत नव्हतं. मुदतीला बत्तीस दिवस उरले.

कमळाबाई अंगणात उडीद पाखडत होत्या. मी विचारलं, "मावशी, तांबडा भात मला का नाही दिला? सहा वर्षं मागत होते."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "बाई, खरं सांगू का? राग न्हाई ना धरायच्या? तुमी येता, लिवून घेता आन् जाता. इतकी वर्सं झाली, आमच्या घरचा पाण्याचा घोट घेतला न्हाई तुमी. आपली बाटली काढून पिता. म्या म्हणलं, शिकलेली मोठी बाई, आमच्या हातचं चालत नसंल. अशा माणसाला माह्यारचं बी कसं द्यावं?"

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. मी त्यांच्या हातचं पीत नाही असं त्यांना वाटत होतं. मला मात्र सहा वर्षं वाटत होतं की माझ्यासाठी त्यांचा तांब्या बाहेर येईल की नाही. मी तसं सांगितलं. कुठल्या घरातली, कुठल्या गावच्या कुठल्या आळीतली, तेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "माझी सासू असती तर न्हाई आला असता तांब्या भाईर. खोटं कशाला बोलू? पर ती जाऊन लई वर्सं झाली. तुमी इचारायचं हुतं." उठून तांब्या भरून आणला आणि स्वतःच्या हाताने दिला. मी सगळा प्याले.

निघताना म्हणाल्या, "त्या पोरीला दिलंय की म्या बी. ती म्हणली, मॅडमला दाखिवते. न्हाई दाखवलं?"

दाखवलं होतं. मीच म्हटलं होतं, ठेव तुझ्याकडे.

२८ फेब्रुवारी, सोमवार

कॉलेज सुटल्यावर नुजहतला म्हटलं, "चल, उस्मानभाईंकडे जाऊ. एक पत्र लिहायचंय, तू टाईप कर."

पहिल्यांदाच गेले तिथे. उस्मानने खुर्ची पुसून दिली आणि गिऱ्हाईकं बघायला बाहेर गेला. नुजहतने विचारलं, "कुणाला लिहायचं?" मी म्हटलं, "बेल्जियमला." ती लगेच उत्साहाने बसली.

मी सांगायला लागले. "लिही. माया चिमाजी गायकवाड आणि माया सोपान रणपिसे या दोन बायका नाहीत. आमच्याकडे लग्नानंतर नाव बदलतं, पण विद्यापीठाच्या कागदावर आधीचंच राहू शकतं." ती हसून म्हणाली, "अच्छा, म्हणून घोटाळा झाला होय! पण मग तक्रार…"

"लिही. पाच फेब्रुवारीची तक्रार ज्या बाईने केली आणि जिच्याविरुद्ध झाली, त्या दोन्ही मीच."

तिचे हात थांबले.

"लिही," मी म्हटलं. "त्यात नुजहत आतार यांच्याविषयी जे लिहिलं होतं ते खोटं होतं, आणि प्राचार्यांना त्याची कल्पना नव्हती."

ती पडद्याकडेच बघत होती. "काय लिहिलं होतं?"

पत्राची प्रत माझ्या पिशवीत होती. दिली. तिने सावकाश वाचली आणि घडी घालून परत माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "माझं स्वतःचं संशोधन काही नाही, हे खरं आहे, मॅडम. बाकीचं खोटं आहे." मग डोळे पुसले, उलट्या हाताने, आणि सगळं टाईप केलं. माझं इंग्रजी दोन ठिकाणी सुधारलंसुद्धा.

शेवटी विचारलं, "खाली नाव कुठलं टाकू?"

मी म्हटलं, "दोन्ही."

प्राचार्यांना उद्या सांगायचंय. ते सोपं आहे, नुसते ओरडतील.

१९ मार्च, शनिवार

नोंदणी झाली. माया चिमाजी गायकवाड, खाली लांबलचक क्रमांक. बेल्जियमच्या बाईंनी लिहिलंय की असं पत्र त्यांना आजवर आलं नव्हतं.

नुजहत शिकवते. रोज चार ते सहा, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. कुठलं बटण, कुठली फाईल, सगळं नीट सांगते. एकेचाळिसावा वाण मला न विचारता घातला, नुसत्या दाण्याच्या मापांवरून, कमळाबाईंचं नाव पुढे लिहून. तांबडा भात झाडाच्या अगदी एका टोकाला आला, रायभोगापासून लांब, कुणाचाच सख्खा नाही. दोघी बघत बसलो. मी म्हटलं, "पेपरात तुझं नाव दुसरं." ती म्हणाली, "नको मॅडम." बोलण्यात राग नव्हता, म्हणून मी आग्रह करू शकले नाही.

डब्याचं झाकण आता माझ्यापुढे येत नाही.

३१ मार्च, गुरुवार

प्रबंध दिला. पाच प्रती, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरांत गायकवाड. घरी आल्यावर ह्यांनी पेढा दिला आणि म्हणाले, "रणपिशांचं काय?" मी म्हटलं, "तक्रार करा." त्यांना सगळं माहीत आहे, म्हणून हसले.

४ एप्रिल, सोमवार

आज माझ्या टेबलावर एक फॉर्म होता. नुजहतने स्वतः न देता शिपायाबरोबर पाठवला. पीएच.डी.साठी नवी नोंदणी, मार्गदर्शक माझेच सर. विषय: वेल्हे-भोर परिसरातील तांबडे भात. खाली एक चौकट, विभागातील ज्येष्ठ अध्यापकांची संमती.

तांबडे भात. माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या पानावर मी लिहिलंय की यापुढचं काम त्यांच्यावर व्हायला हवं. मनात होतं की ते मीच करीन. तोच जुना हेवा, जराही कमी नाही. चार वर्षांत ती माझ्यापुढे जाईल. सर म्हणतील, छान झालंय. कमळाबाई तिला आत बोलावतील, आणि आता मलाही बोलावतील, पण आधी तिला.

फॉर्म दुपारभर टेबलावर होता. एकदा ड्रॉवरमध्येही ठेवला. दोन दिवस तिथे राहिला असता तर मुदत टळली असती, आणि कुणी विचारलंही नसतं.

साडेचारला काढला आणि सही केली. मग स्वतः भाऊसाहेबांकडे घेऊन गेले. त्यांनी सवयीने जादाचा कोरा कागद पुढे केला. "घ्या, असू द्या संगं."

मी म्हटलं, "नको. ह्याच्यावर मारा." आणि त्यांनी शिक्का उचलायच्या आधी फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून त्यांना दाखवला, नुजहत आतार हे नाव दोनदा.